ट्रॅक्टरचे ब्रेक आणि स्टिअरिंग : दोषांची पारख व दक्षता

दिवाळी उलटली की पश्चिम महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग सुरू होते. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ती चालू असते. त्याच रस्त्याने शाळेची मुले सायकलवरून जातात, आठवड्याच्या बाजाराला निघालेली माणसे जातात, दूध घालणारे जातात. अशा वेळी उतारावरून येणारा ट्रॅक्टर हव्या त्या जागी थांबेल काय आणि वळणावर हव्या त्या दिशेने वळेल काय, हे दोन प्रश्न एकट्या ट्रॅक्टरमालकाचे राहत नाहीत. ते साऱ्या गावाचे होतात.

इंजिन बिघडले तर ट्रॅक्टर उभा राहतो आणि कामाचा खोळंबा होतो. ब्रेक किंवा स्टिअरिंग बिघडले तर मात्र ट्रॅक्टर चालूच राहतो आणि धोका तेथेच असतो. शिवाय हे दोष एका दिवसात उद्भवत नाहीत. ते हळूहळू वाढतात आणि चालकाच्या हातापायांना त्यांची सवय होऊन जाते. ‘आमचा ट्रॅक्टर जरा डावीकडे ओढतो’, ‘पेडल दोनदा दाबले की लागतो’ अशी वाक्ये सहजपणे बोलली जातात. वास्तविक ही वाक्ये म्हणजे यंत्राने दिलेली पूर्वसूचनाच होय.

देशात ट्रॅक्टर तयार होण्यास १९५९ साली फरीदाबाद येथे प्रारंभ झाला. पुढे १९६० च्या दशकात मुंबईतील कांदिवली येथेही ट्रॅक्टर बनू लागले. जुन्या ट्रॅक्टरांत प्रामुख्याने कोरडे ब्रेक व केवळ यांत्रिक स्टिअरिंग असे. नव्या ट्रॅक्टरांत तेलात बुडालेले ब्रेक व पॉवर स्टिअरिंग मोठ्या प्रमाणावर आढळते. आज एकाच गावात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत असल्याने दोघांचेही गुणदोष माहीत असणे अगत्याचे आहे.

दोन पेडलांचे रहस्य

मोटारीला ब्रेकचे एकच पेडल असते. ट्रॅक्टरला दोन असतात. उजवे पेडल उजव्या मागील चाकास आणि डावे पेडल डाव्या मागील चाकास रोखते. शेताच्या बांधाजवळ थोडक्या जागेत वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला म्हणजे ते चाक थांबते, दुसरे फिरत राहते आणि ट्रॅक्टर चटकन वळतो. शेतातील ही सोय रस्त्यावर मात्र घातक ठरते. वेगात असताना एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो व उलटतो. म्हणूनच दोन्ही पेडले एकत्र जोडणारा खटका बसविलेला असतो. शेतातून रस्त्यावर येण्यापूर्वी हा खटका लावणे, हा ब्रेकविषयीचा पहिला नियम होय. अनेक ट्रॅक्टरांवर हा खटका वाकलेला, गंजलेला किंवा काढून टाकलेला दिसतो. त्याची दुरुस्ती फारशी खर्चिक नाही; परंतु तिच्या अभावी होणारी हानी भरून येणारी नसते.

कोरड्या ब्रेकमध्ये घर्षण करणारे लायनर हवेत काम करतात. तेल, पाणी व चिखल हे त्यांचे शत्रू होत. तेलातील ब्रेकमध्ये चकत्या तेलात फिरतात. त्यामुळे उष्णता लवकर वाहून जाते आणि चिखलाचा उपद्रव होत नाही. मात्र हे तेल ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे लागते. भलत्याच प्रतीचे तेल घातल्यास ब्रेक लावताना कर्कश आवाज येतो व पकड कमी होते.

ब्रेकचे दोष आणि त्यांची कारणे

ब्रेक लावताच ट्रॅक्टर एका बाजूस ओढणे : ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे. ज्या बाजूचा ब्रेक अधिक पकडतो त्या बाजूस ट्रॅक्टर ओढला जातो. म्हणजेच ट्रॅक्टर डावीकडे ओढत असेल तर दोष बहुधा उजव्या ब्रेकमध्ये असतो. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्याने पुष्कळदा चांगला ब्रेकच ढिला केला जातो. तेवढ्यापुरता ट्रॅक्टर सरळ थांबू लागतो. पण तो आता दोन्ही बाजूंनी निर्बळ झालेला असतो. शेतात वळताना नेहमी एकाच बाजूस वळण्याची सवय असेल तर त्या बाजूचे लायनर अधिक झिजते, हे असमतोलाचे नेहमीचे कारण होय. ब्रेक उघडण्यापूर्वी दोन्ही मागील टायरांतील हवा समान आहे की नाही, हेही पाहावे. ब्रेक न लावताही ट्रॅक्टर ओढत असेल तर कारण टायर, पुढील चाके किंवा स्टिअरिंग यांत शोधावे लागते.

पेडल खोल जाणे : ब्रेक प्रत्यक्ष लागण्यापूर्वी पेडल थोडे मोकळे खाली जाते. अनेक मॉडेलांत ही मोकळी हालचाल साधारणतः २० ते ४० मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून घ्यावा. लायनर झिजू लागले की हे अंतर वाढते आणि ओढदांड्यावरील नट फिरवून ते पूर्ववत करता येते. नट शेवटपर्यंत आवळूनही पेडल खोलच जात असेल तर लायनर बदलण्याची वेळ आली असे समजावे. ज्या ट्रॅक्टरांत ब्रेकचा दाब द्रवाच्या नळीतून पोहोचतो, तेथे पेडल मऊ लागणे किंवा दोनतीनदा दाबल्यावरच घट्ट होणे, हे नळीत हवा शिरल्याचे किंवा द्रव गळत असल्याचे चिन्ह आहे. नुसता द्रव वाढवून हा दोष जात नाही. गळती शोधून हवा काढावी लागते.

पेडल घट्ट असूनही ब्रेक न लागणे : कोरड्या ब्रेकच्या बाबतीत लायनरवर तेल आल्याचा संशय प्रथम घ्यावा. मागील भागातील ऑइल सील झिजले की गिअरचे तेल ब्रेकच्या घरात झिरपते. घराच्या खालच्या बाजूस तेलाचा ओघळ दिसला की निदान पक्के झाले. अशा वेळी लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसविण्याचा प्रकार काही ठिकाणी केला जातो. त्यात आगीचा धोका आहे आणि मुरलेले तेल पुरतेपणी निघतही नाही. सील व लायनर दोन्ही बदलणे हाच खरा उपाय होय. केवळ लायनर बदलले तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा तेलात भिजते.

भात चिखलणीनंतर कोकणात व भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात ब्रेक न लागण्याची तक्रार विशेष ऐकू येते. कोरड्या ब्रेकमध्ये पाणी व चिखल शिरल्याने असे घडते. चिखलणी संपताच, ब्रेकच्या घराला पाणी निघून जाण्याचे छिद्र असल्यास ते मोकळे करावे आणि मोकळ्या जागेत मंद गतीने चालवीत ब्रेक हलकेच लावून लायनर वाळवावे. ब्रेकची पकड परत आल्याची खात्री झाल्याविना रस्ता धरू नये. चिखलाची वाळू आत राहिली असल्यास घर उघडून साफ करणे भाग पडते.

ब्रेक न सुटणे व तापणे : पेडल सोडल्यावर ते वर येत नसेल तर परतीची स्प्रिंग तुटली असेल, दांड्याच्या खिळी गंजल्या असतील किंवा मोकळी हालचाल मुळीच न ठेवता ब्रेक आवळला गेला असेल. हातब्रेक लावलेला असतानाच ट्रॅक्टर हाकणे आणि चालविताना पेडलवर पाय टेकवून ठेवणे, ही दोन कारणे यंत्रातील नसून सवयीतील आहेत. ट्रॅक्टरची ओढ कमी होणे, डिझेल अधिक लागणे, ब्रेकच्या घराजवळ जळका वास येणे ही त्याची लक्षणे होत. तापलेल्या लायनरची पकड कमी होते. तेव्हा जो ब्रेक दिवसभर अर्धवट लागलेला असतो, तोच ऐन प्रसंगी दगा देतो.

स्टिअरिंगची साखळी

चालकाच्या हातातील चक्रापासून पुढील चाकांपर्यंत अनेक भागांची एक साखळी असते. चक्राची फिरकी दांड्यामार्गे स्टिअरिंगच्या पेटीत जाते. तेथून ती ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक व टायरोड यांच्याद्वारे चाकांना मिळते. प्रत्येक सांध्यात किंचित झीज झाली तरी तिची बेरीज चालकाच्या हातात येते. चक्र बरेच फिरविल्यावर चाक हलू लागते; यालाच मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. रस्त्यावर असा ट्रॅक्टर सरळ न चालता सापासारखा वळवळत जातो.

प्ले कोठे आहे हे शोधण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही; दोन माणसे पुरेशी आहेत. यांत्रिक स्टिअरिंगच्या बाबतीत इंजिन बंद ठेवून एकाने चक्र थोडेसे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने पेटीपासून चाकापर्यंत एकेक सांधा क्रमाने न्याहाळावा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, असे जेथे दिसेल तेथेच झीज आहे. पेटीचा दांडा फिरतो परंतु ड्रॉप आर्म हलत नाही, असे आढळल्यास दोष पेटीत आहे. झिजलेले बॉल जॉइंट ठोकून घट्ट करणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे अत्यंत धोक्याचे आहे. असा सांधा अचानक निखळला तर चक्र हातात राहते आणि चाके मन मानेल तिकडे जातात. जॉइंट बदलावा व नटाची सुरक्षा-पिन नवीच घालावी. पिनेच्या जागी तारेचा तुकडा चालत नाही.

यानंतर पुढचा आस जॅकने उचलून भक्कम आधारावर ठेवावा आणि चाक वरखाली धरून हलवून पाहावे. चाक आपल्या दांड्यावर हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे. दांड्यासह सारेच हलत असेल तर किंगपिनचे बुश झिजले आहेत. चाक पुढूनमागून धरून हलविल्यावर खडखडत असेल तर टायरोडचे सांधे पाहावेत. आसाच्या मधोमध असलेली पिन व तिचे बुश यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; परंतु त्यांची झीजही ट्रॅक्टरला भरकटविते.

स्टिअरिंग जड होण्याची कारणे बहुधा साधी असतात. पुढील टायरांत हवा कमी असणे, किंगपिनला ग्रीस न मिळणे आणि पेटीतील तेल उतरणे ही त्यांतील प्रमुख होत. ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत पंप चालवावा. चिखलात काम असेल तेव्हा हे रोज करणे हितावह असते. पॉवर स्टिअरिंग जड झाले तर प्रथम तेलाची पातळी व गाळणी पाहावी; पंपातून घरघर येत असेल तर तेल कमी पडून हवा शिरली असण्याचा संभव असतो. नळीची गळती मात्र बोटाने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक चिळकांडी कातडीत शिरू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी आणि इंजिन बंद करूनच नळीला हात लावावा.

पुढील चाके थरथरत असतील तर चाकांचे नट, बेअरिंग, टायरोड आणि वाकलेली रिम यांची तपासणी करावी. दोन ओळींतील अंतराप्रमाणे पुढील चाके आतबाहेर घेतली जातात. त्या वेळी टायरोडची लांबीही दोन्ही बाजूंस सारखीच बदलावी लागते. तसे न केल्यास चाकांची दिशा बिघडते व टायर एका कडेने झिजतात. सामान्यतः दोन्ही चाकांमधील अंतर मागच्यापेक्षा पुढच्या बाजूस काही मिलिमीटरने कमी असावे लागते. आसाच्या उंचीवर दोन्ही रिममधील अंतर आधी पुढे व नंतर मागे टेपने मोजून हे पाहता येते.

कधी कधी सारे सांधे ठीक असूनही ट्रॅक्टर वळत नाही. चिखलातून निघताना लावलेला डिफरन्शियल लॉक तसाच राहिला असेल तर दोन्ही मागील चाके समान गतीने फिरतात आणि ट्रॅक्टरला सरळच रेटतात. पेटी उघडण्यापूर्वी लॉक सुटला आहे काय, हे पाहणे शहाणपणाचे होय.

दोष यंत्राचा की ओझ्याचा?

ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या अनेक तक्रारींचे मूळ ट्रॅक्टरात नसून त्यामागील ट्रॉलीत असते. उदाहरणादाखल, ट्रॅक्टरचे वजन २ टन आणि भरलेल्या ट्रॉलीचे ८ टन धरले तर ट्रॅक्टरच्या ब्रेकला एकूण १० टन रोखावे लागतात. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर त्याच ब्रेकवर पाचपट ओझे येते आणि थांबण्याचे अंतरही सुमारे त्याच पटीत वाढते. वेग दुप्पट झाला तर हे अंतर चौपट होते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदात जवळजवळ ७ मीटर पुढे जातो. म्हणजे अडथळा दिसून पाय पेडलवर जाईपर्यंतच तेवढे अंतर सरलेले असते. उतारावर ओझे ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि चाके घसरली की ट्रॉली बाजूला वळून ट्रॅक्टरला आडवे करते. नवे लायनर घालूनही ही अडचण सुटत नाही. ओझे मर्यादित ठेवणे आणि ट्रॉलीला चालू स्थितीतील ब्रेक असणे, हाच त्यावर उपाय होय.

ट्रॉलीच्या पुढील भागात अधिक भार पडला तर तो जोडणीवर येतो व ट्रॅक्टरचा पुढचा भाग हलका होतो. चाके जमिनीला नीट टेकलीच नाहीत तर उत्तम स्टिअरिंगही निरुपयोगी ठरते. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. चढावर पुढची चाके उचलली जात असतील तर ओझे कमी करावे, पुस्तिकेप्रमाणे पुढे वजने लावावीत आणि ट्रॉली नेहमी खालच्या ठरावीक जोडणीलाच अडकवावी.

घाट किंवा लांब उतार असेल तर उतरणीच्या तोंडाशीच खालचा गिअर घ्यावा आणि इंजिनाच्या रोधाने ट्रॅक्टर सावकाश उतरवावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य आहे. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो, ब्रेक तापतात आणि इंजिन बंद असल्यास पॉवर स्टिअरिंगही जड होते. वाचलेल्या चमचाभर डिझेलसाठी केवढी किंमत मोजावी लागेल, याचा विचार चालकाने केला पाहिजे.

घरी काय करावे, कारागिराकडे काय न्यावे

पेडलांची मोकळी हालचाल सारखी करणे, ग्रीस भरणे, तेलाची पातळी व टायरांतील हवा पाहणे, नट आवळणे ही कामे शेतकऱ्यास घरी करता येतात. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, इंजिन बंद करावे, औजार जमिनीवर टेकवावे, जी चाके जमिनीवर राहणार असतील त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर असलेल्या ट्रॅक्टरखाली कधीही जाऊ नये. ब्रेकचे घर उघडल्यास आतील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ती धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. सील व लायनर बदलणे, स्टिअरिंगची पेटी आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप ही कामे मात्र जाणकार कारागिराकडेच सोपवावीत.

दुरुस्तीनंतरची चाचणी मोकळ्या, सपाट मैदानात ट्रॉलीविना घ्यावी. खटका लावून, मंद गतीने जाताना दोन्ही पेडले एकदम दाबावीत व खाली उतरून मातीवरील खुणा पाहाव्यात. दोन्ही मागील चाकांच्या घसरणीच्या खुणा सारख्या लांबीच्या असतील तर ब्रेक समतोल आहेत. एक खूण आखूड असेल तर त्या बाजूचा ब्रेक कमी पकडतो. समाधान झाल्यावरच वेग थोडा वाढवून पुन्हा पाहावे.

गावाची जबाबदारी

ट्रॅक्टर हे स्वतः भार वाहण्यासाठी बनविलेले वाहन नव्हे, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येतच स्पष्ट आहे. मडगार्डवर माणसे बसविणे म्हणूनच सर्वथा अनुचित होय. सदोष व असुरक्षित स्थितीतील वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविणे हा याच कायद्याच्या कलम १९० नुसार गुन्हा आहे. तथापि कायद्याचा धाक हा शेवटचा उपाय झाला. त्यापूर्वी करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

ऊस हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून गावातील ट्रॅक्टर व ट्रॉल्या मैदानात आणवाव्यात, स्थानिक कारागिरास बोलावून वरील खुणांची चाचणी घ्यावी आणि पेडलांचा खटका, टायरोड, ट्रॉलीचे ब्रेक व मागील परावर्तक यांची नोंद करावी. अशा कामास फारसा खर्च येत नाही. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. तेथील तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळविण्यासाठी कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांनी पुढाकार घेतल्यास चालकांचे छोटे वर्ग भरविता येतील. शिक्षकांनाही यात मोठे कार्य आहे. वेग दुप्पट झाल्यावर थांबण्याचे अंतर चौपट का होते, हे विज्ञानाच्या तासाला समजलेला मुलगा घरी जाऊन वडिलांना आणि थोरल्या भावाला तेच विचारील. त्या प्रश्नाने कदाचित नोटिशीपेक्षाही अधिक काम होईल.

ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी टायर, तेल, पेडल, चक्र आणि खटका या पाच गोष्टी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. बैल जुंपण्यापूर्वी शेतकरी जू, सापत्या व चाकाची कुणी हात लावून पाहत असे. तीच सवय त्याने ट्रॅक्टरच्या बाबतीतही बाणवली, तर यंत्राचे आयुष्य वाढेल आणि रस्त्यावरची माणसेही सुखरूप घरी पोहोचतील.